पहिल्या पसंतीचा वारा

मित्रांनो, मी एक जुना टेबल पंखा आहे. रंग कधीकाळी आकाशी होता, आता त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. पाती तीन, जाळी एका बाजूने दबलेली, आणि बुडाशी चार बटणं, त्यांतलं एक कायमचं आत गेलेलं. सध्या माझा मुक्काम अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत, एका क्वार्टरमधल्या न्हाणीवरच्या माळ्यावर आहे. शेजारी फुटकी बादली आणि पुस्तकांची दोन पोती. बादली बोलत नाही. पुस्तकं बोलली असती, पण पोत्यांची तोंडं शिवलेली आहेत. म्हणून मला बोलावं लागतंय.

माझी खरी ओळख अजून सांगायची आहे. मी मान हलवणारा पंखा होतो. दारावर येणारा नंदीबैल तुम्ही पाहिला असेल. मालकाने काहीही विचारलं तरी तो मान वरखाली करतो, होय म्हणतो आणि सुपातले दाणे मिळवतो. माझी मान डावीकडून उजवीकडे जायची. म्हणजे मी जन्मभर नाही म्हणत आलो. नंदीबैलाला झूल मिळाली, मला धूळ. यात काय ते समजून घ्या.

माझं लोखंड कुठलं, तांबं कुठलं, ते मला आठवत नाही. स्वतःचा जन्म कोणालाच आठवत नसतो. मला आठवतं ते अंबडचं जुगलकिशोर शेठचं दुकान, आणि समोर उभं असलेलं एक नवं जोडपं. काकासाहेब नुकतेच कारखान्याच्या शेतकी खात्यात कायम झाले होते. बेबीनंदाच्या हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती.

"पातं काय बघता, काकासाहेब, मान बघा मान," शेठ म्हणाले. "समोरच्याला वारा, बाजूच्याला वारा. घरात भांडणच नाही."

"शेठ, फिरतंय ते मोडतंय," काकासाहेब म्हणाले. "आपल्याला साधा द्या, न फिरणारा. हमखास चालला पाहिजे."

"फिरणाराच घ्या," बेबीनंदा हळूच म्हणाली. ती लग्नानंतर पहिल्यांदाच दुकानात तोंड उघडत होती, म्हणून तिचं ऐकलं गेलं. पुढे इतक्या लवकर ऐकलं गेल्याचं मला आठवत नाही.

मित्रांनो, "हमखास" हा शब्द इथे लक्षात ठेवा. ही सगळी गोष्ट त्याच शब्दावर चालते.

माझे उमेदीचे दिवस फार चांगले गेले. माझं कौतुक व्हायचं. उन्हाळ्यात शेजारणी निवडायचं धान्य घेऊन माझ्यासमोर यायच्या. वाऱ्यात बसलेला माणूस मोकळा बोलतो, त्यामुळे वसाहतीत कोणाच्या घरात काय शिजतंय ते मला भांड्याच्या आधी कळायचं. आणि कोणाची काय किंमत आहे तेही. मोठे पाहुणे आले की माझी मान बंद करून सगळा वारा त्यांच्याकडे. भिशीवाली आली की मीच बंद, म्हणजे बाई लवकर उठते. कोणाला किती वारा दिला जातो, त्यावरून त्या घरातला माणसांचा भाव मी आजही बिनचूक सांगेन. बेबीनंदाच्या वाट्याला माझी मान वळता वळता जो येईल तेवढा. तिनेच मला निवडलं होतं, तरी.

काकासाहेबांचं काम तुम्हाला सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. ते उसाच्या तोडीची चिठ्ठी द्यायचे. कोणाच्या फडात कोणत्या दिवशी तोड लागणार, कोणाला माणसांची टोळी मिळणार आणि कोणाला हार्वेस्टर, म्हणजे तोडणीचं मोठं यंत्र, हे त्या चिठ्ठीवर ठरायचं. शेतकरी मागणी लिहून द्यायचे, पहिल्या नंबरला काय पाहिजे, दुसऱ्या नंबरला काय. यंत्रं थोडी, मागणारे फार. ज्यांनी टोळी पहिल्या नंबरला लिहिली, त्यांना टोळ्या आधी वाटून टाकायच्या, असा तिथला रिवाज. ज्याने वर यंत्र लिहिलं आणि त्याला यंत्र आलं नाही, तो दुसऱ्या नंबरची टोळी मागायला येईपर्यंत टोळी दुसऱ्याच्या फडात कोयता घालून बसलेली असायची.

म्हणून गावोगावचे लोक आमच्या ओसरीवर यायचे आणि काकासाहेब माझ्या वाऱ्यात पाय लांब करून त्यांना एकच मंत्र द्यायचे. "वर तेच लिहा जे हमखास भेटतंय. हवं ते खाली लिहा."

ज्यांनी ऐकलं त्यांचा ऊस वेळेवर गेला. शेजारचे रामराव एके वर्षी ऐकले नाहीत. त्यांनी हट्टाने वर यंत्र लिहिलं. त्यांचा ऊस चैतापर्यंत उभा राहिला, त्याला तुरे आले, आणि शेवटी वजनकाट्यावर तो ऊस म्हणून गेला की कडबा म्हणून, ते काट्यालाही कळेना.

"सांगितलं होतं का न्हाई, रामराव?" काकासाहेब दर वर्षी विचारायचे.

"सांगितलं होतं, बाबा. तू देवमाणूस," रामराव दर वर्षी म्हणायचे, आणि बाहेर गेल्यावर वेगळं काही म्हणायचे.

एखाद्या माणसाचं एक वाक्य वीस वर्षं खरं ठरत गेलं की ते वाक्य त्या माणसाचा मालक होतं. हे मी पाहिलंय.

आता साधनाबद्दल. ही काकासाहेबांची एकुलती मुलगी. माझ्यासमोर पालथी पडली, माझ्यासमोर रांगली, आणि माझ्या जाळीत बोट घालून एकदा चांगली रडली. ती सहावीत असताना फाल्गुनातल्या एका दुपारी ऊसतोडीच्या टोळीतली वंदना आमच्या ओसरीवर आली. आली म्हणजे आणली. दिवस भरले होते आणि फडातच तिला कळा सुरू झाल्या होत्या. मागच्या मोकळ्या जागेत टोळीच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या होत्या. पण तिथे सावली कसली, म्हणून सासूने, झुंबरबाईने, तिला आमच्या ओसरीत आडवी केली.

"पंखा लाव गं पोरी," झुंबरबाई म्हणाली.

आमच्या ओसरीवरचं सॉकेट तेव्हाही ढिलं होतं. पिन दाबून धरली तर मी चालायचो, सोडली की थांबायचो. साधना भिंतीला टेकून, दोन्ही हातांनी पिन दाबून उभी राहिली. "तू जा आत," असं बेबीनंदा तिला सांगत होती. ती गेली नाही. बोलावलेली जीप यायच्या आधी मूल झालं, मुलगी. रडली चांगली. पण वंदनाचं रक्त थांबेना. जीप तिला अंबडला घेऊन गेली, अंबडहून पुढे जालन्याला पाठवलं, आणि जालना यायच्या आधीच वंदना गेली. मूल झुंबरबाईच्या पदरात राहिलं.

साधनाने पिन सोडली तेव्हा तिच्या अंगठ्यावर खड्डा पडला होता.

"आई, हितं डॉक्टरीणबाई असती तर?"

"हितं कोण येतंय, बाई?"

"मी येईन."

अशी वाक्यं या वयात सगळीच मुलं बोलतात आणि परीक्षा झाली की विसरतात. ही विसरली नाही. दर हंगामाला झुंबरबाई कोपी टाकायला आली की नातीला घेऊन आमच्याकडे यायची, आणि साधना त्या पोरीचं पोट दाबून, डोळे उघडून तपासायची. "ताई डाक्टर झाली म्हंजी आमचं बायकांचं बघल," झुंबरबाई म्हणायची. त्या वेळी माझी मान फिरत असायची. पण मी तेव्हा नाही म्हणत नव्हतो, हे तुम्ही लिहून घेतलंत तरी चालेल.

दहावी झाली आणि साधना लातूरला निघाली. डॉक्टर व्हायचं तर नीट द्यावी लागते, आणि आमच्याकडे नीट म्हटलं की लातूर. तिच्या गादीबरोबर मीही निघालो. तिथे खोलीत तिच्याबरोबर परतूरची शीतल होती. वडील परतूरच्या स्टेशनावर कामाला. दोघींची कॅटेगरी एक, डबा एकाच मेसचा, आणि पंखा एकच, तो मी. माझी मान एकदा साधनाकडे जायची, एकदा शीतलकडे. मी कधी फरक केला नाही.

"तुझ्या पंख्याला काही विचारलं की नाहीच म्हणतोय बघ," शीतल म्हणायची. "काय रे, आमचा नंबर लागतो का?"

मी फिरायचो. दोघी हसायच्या.

पहिल्या वर्षी दोघींचाही नंबर लागला नाही. दोघींनी एक वर्ष ड्रॉप घेतला, म्हणजे वर्षभर पुन्हा तीच तयारी. काकासाहेब साधनाला एका शब्दानेही बोलले नाहीत, हे मी त्यांच्या जमेला धरतो. जातीचं प्रमाणपत्र, त्याची वैधता, नॉन क्रिमिलेअर, सगळं त्यांनी स्वतः खेटे घालून वेळेआधी तयार ठेवलं. ऐनवेळी कागद नाही म्हणून ज्यांची मुलं घरी बसतात, तसले हे वडील नव्हते. तिच्यासाठी जे करायचं ते त्यांनी केलं, आणि थोडं जास्तच केलं.

दुसऱ्या वर्षी पेपर अवघड निघाला. साधनाचे गुण चांगले आले, शीतलपेक्षा थोडे वरच. आकडा मी सांगत नाही. आकडा सांगितला की लोक माणूस विसरतात आणि आपल्या भाच्याचा आकडा सांगायला लागतात.

परीक्षा झाली तेव्हाच साधना लातूरहून घरी परतली होती, आणि तिच्या गादीबरोबर मीही. मग तो दिवस आला. ऑनलाइन अर्जात पसंतीची कॉलेजं लावायची होती. एमबीबीएस आणि दातांचं बीडीएस, दोन्हींची कॉलेजं एकाच यादीत आपल्या क्रमाने लिहायची. साधना मोबाईल घेऊन गादीवर बसली. काकासाहेबांनी गेल्या वर्षी कुठलं कॉलेज किती गुणांना बंद झालं त्याच्या छापील कागदांचा गठ्ठा मांडून ठेवला. बेबीनंदा दारात शेंगा फोडत बसली. मी मधोमध.

"लिही. एक नंबर, संभाजीनगरचं सरकारी डेंटल," काकासाहेब म्हणाले.

"पप्पा, एक नंबरला डेंटल?"

"मंग? गेल्या साली आपल्या कॅटेगरीला ते तुझ्यापेक्षा लई खाली बंद झालंय. म्हंजी हमखास. त्याच्या खाली टाक जालन्याचं मेडिकल, त्याच्या खाली बाकीचे सगळे मेडिकल. मी कुठं न्हाई म्हणून राह्यलो?"

"पण पप्पा, हे असं नसतं. माझा नंबर आला की कॉम्प्युटर माझी यादी वरून वाचतो. वरचं शिल्लक नसलं तर त्याच्या खालचं बघतो. वर मागितलं म्हणून खालचं जात नाही."

"असं त्यांनी लिहिलंय. अगं, आमच्या खात्यातबी भिंतीवर लई छान छान लिहिलेलं असतंय." काकासाहेब हसले. "जे डेंटल वर टाकतील त्यांना पहिले वाटतील. तू खाली टाकलं, तर तुझ्यापर्यंत येस्तोवर काय उरतंय? रामरावचा ऊस इसरली का?"

"डेंटल वर टाकलं तर तेच भेटेल. अन् पहिलं भेटलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या बंद होतात."

"मंग तर चांगलंच. झंझटच मिटली."

"मला एमबीबीएस पाहिजे, पप्पा. यंदा पेपर अवघड होता. कटऑफ खाली येईल."

"येईल ह्याच्यावर कारखाना चालत न्हाई, बाई. आलं ह्याच्यावर चालतो."

बेबीनंदाने शेंग खाली ठेवली. "अहो, तिचं ऐका की जरा. शिकली ती हाय."

"तुला फडातलं काय कळतंय?"

"मला फडातलं सगळं कळतंय," बेबीनंदा म्हणाली. "हे फडातलं हाय का, तेवढं सांगा."

काकासाहेब उत्तर देणार होते, तेवढ्यात माझी मान त्यांच्याकडे वळली आणि सगळे कागद खोलीभर उडाले. मित्रांनो, मी यापेक्षा मोठ्याने बोलू शकत नाही. मला तेवढंच येतं. काकासाहेब चिडले. "ह्या पंख्याच्या..." असं म्हणून त्यांनी माझ्या मागची खुंटी वर ओढली आणि माझी मान जागच्या जागी थांबवली. मग कागद गोळा करून क्रमाने लावले.

साधनाने शीतलला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"मी तर सगळे मेडिकल वर टाकले," शीतल सांगत होती. "जालना, नांदेड, लातूर, सगळे. पार सिंधुदुर्गपर्यंत. डेंटल सगळ्यात खाली. तू?"

"हावरट आहे पोरगी," काकासाहेब कुजबुजले. "उभी राहील रामरावच्या उसासारखी."

अर्ज पक्का करायचा ओटीपी काकासाहेबांच्या मोबाईलवर आला. साधनाने हात पुढे केला. त्यांनी आकडे वाचून दाखवले नाहीत. तिच्या हातातला मोबाईल घेतला, यादी स्वतः वरखाली केली, चष्मा कपाळावर सारून आकडे स्वतः भरले आणि बटण दाबलं.

"तुझ्याच भल्यासाठी," ते म्हणाले.

या वाक्यावर पंख्यानेसुद्धा काही बोलू नये. माझी मान तर बंदच होती.

पहिल्या फेरीची यादी लागली आणि मोबाईलवर संदेश आला. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, अभिनंदन. काकासाहेब अंगणात जाऊन मोठ्याने म्हणाले, "एक नंबरची पसंती भेटली!" वसाहतीला एवढंच ऐकू आलं. लोक आले, पेढे वाटले गेले, मला ओसरीवर आणून पाहुण्यांकडे तोंड करून ठेवलं. "पहिलीच पसंती म्हंजी कमाल झाली राव," असं जो तो म्हणत होता. "काकासाहेबांचा अंदाज हाय, चुकतोय का?" रामरावांनी दोन पेढे खाल्ले आणि कबूल केलं, "माणूस देवच हाय." या वेळी बाहेर गेल्यावरही तेच म्हणाले.

साधना आतल्या खोलीत होती. बेबीनंदा तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. एका खोलीत पेढे आणि एका खोलीत हे, आणि मधल्या दारात मी. माझी खुंटी तेव्हाही वर ओढलेलीच होती. नाहीतर थोडा वारा आत गेला असता.

दोन दिवसांनी शीतलचा फोन आला. ती रडत होती, पण ते रडणं वेगळं असतं. तिला एमबीबीएस मिळालं होतं. सिंधुदुर्गाचं सरकारी मेडिकल, यादीतलं बरंच खालचं नाव. "लांब आहे गं, पण भेटलं! तुला तर जवळचंच भेटलं असेल ना? तुझे मार्क जास्ती आहेत. साधना? ऐकतीस ना?"

"ऐकतेय," साधना म्हणाली. "अभिनंदन, शीतल." फोन ठेवला आणि ताटातली भाकरी मोडत बसली. खाल्ली नाही.

त्याच संध्याकाळी काकासाहेबांनी यंदाचे आकडे काढून आणले. जुने कागद एका बाजूला, नवे दुसऱ्या बाजूला. बोट एकेका ओळीवरून खाली जात होतं. सिंधुदुर्गच नव्हे, त्याच्यावरची आणखी काही मेडिकल कॉलेजं साधनापेक्षा कमी गुणांवर बंद झाली होती. त्यात जालन्याचंही होतं. घरापासून एका एसटीच्या अंतरावरचं. ते तिच्या यादीत होतं, दुसऱ्या नंबरला. कॉम्प्युटर तिथपर्यंत गेलाच नाही. त्याला पहिल्याच ओळीत हवं ते सापडलं होतं.

"हरकत न्हाई," काकासाहेब म्हणाले. "दुसऱ्या फेरीत घेऊन टाकू."

ते मदत केंद्राला फोन लावत राहिले. शेवटी एक मुलगा फोन उचलून म्हणाला, "काका, पहिली पसंती मिळाली ना? मग पुढच्या फेऱ्यांत नाही बसता येत. आणि ही सीट घेतली नाही, तर हीपण जाईल."

"अहो, पण आमचं चुकून वर पडलंय..."

"क्रम तुम्हीच लावता ना, काका?" मुलगा उद्धटपणे बोलला नाही. खरंच विचारत होता.

काकासाहेबांनी फोन खाली ठेवला. साधनाकडे बघितलं. "असं असतंय, तर तू सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं होतं, पप्पा. तुम्ही पंख्याची मान धरली तेव्हा."

काकासाहेब उठले आणि त्यांनी माझ्या मागची खुंटी जोरात खाली दाबली. जणू माझी मान आता फिरली तर तो दिवस परत येणार होता. आत काहीतरी कडकन मोडलं. मान फिरली नाही. नंतर अंबडच्या कारागिराने मला उघडून पाहिलं आणि सांगितलं, "मानेच्या चाकाचे दात गेलेत. ह्याचा पार्ट आता येत न्हाई." मी तेव्हापासून एकीकडेच बघतो.

"आणखी एकदा बस परीक्षेला," बेबीनंदा मुलीला म्हणाली. "मी बघते पप्पांचं."

"माझ्यात आता नाही, आई," साधना म्हणाली. तिने ते रडून म्हटलं असतं तर बेबीनंदाला आशा वाटली असती. ती साध्या आवाजात म्हणाली. "ड्रॉपमध्ये मी काय केलंय ते तुला नाही माहीत. ह्या पंख्याला माहीत आहे."

मला माहीत होतं. मी ते इथे सांगणार नाही. दारामागचं सांगायचं नसतं, हा धर्म पंख्यालाही आहे.

दातांचा डॉक्टर काही कमी नसतो, मित्रांनो. ज्याची दाढ दुखते त्याला विचारा. पण साधनाने पिन दाबून धरली होती ती दातांसाठी नाही. ती संभाजीनगरला गेली. मला नेलं नाही, तिथे छताला पंखे आहेत. जाताना वडिलांच्या पाया पडली, म्हणजे वाकली, हात लागला की नाही ते मला दिसलं नाही, कारण माझी मान त्या बाजूला वळत नाही. आता ती फोन करते तो आईला. काकासाहेब शेजारी बसून ऐकतात. "जेवली का विचार," असं हळूच सांगतात. बेबीनंदा विचारते. उत्तर येतं, "जेवले." काकासाहेबांच्या वाट्याला मुलीचा एवढाच शब्द येतो, तोही बायकोकडून वळून. पूर्वी बेबीनंदाच्या वाट्याला माझा वारा यायचा ना, तसा.

मला माळ्यावर टाकलं. ओसरीवर कोणी मंत्र घ्यायला येईनासं झालं. एकदा एक शेतकरी आला आणि त्याने विचारलं, "काकासाहेब, वर काय लिहू?" काकासाहेब म्हणाले, "दुसऱ्याला इचारा." गंमत बघा. उसाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं अजूनही बरोबरच होतं.

हंगाम सुरू झाला. मागे पुन्हा कोप्या पडल्या. दुपारी बाहेरून ओळखीचा आवाज आला. "बाई, हायेत का घरात?" झुंबरबाई नातीला घेऊन आली होती. तिच्या मागे पायरीवर आणखी एक जण बसली. वंदनाच्या नवऱ्याने, रखमाजीने, दुसरं लग्न केलं होतं. ही त्याची नवी बायको. दिवस भरत आले होते. घामाने डबडबली होती.

बेबीनंदाने माळ्यावरून मला खाली काढलं, पदराने पुसलं. सॉकेट अजून ढिलं होतं. काकासाहेब स्वतः उठले आणि पिन दाबून भिंतीपाशी उभे राहिले. मी फिरलो. मान हलली नाही, सगळा वारा त्या पोरीच्या तोंडावर. तिने डोळे मिटले.

"ताई कुठं हाय?" झुंबरबाईने विचारलं. "हिला दाखवायचं व्हतं. डाक्टरकीला गेली म्हनं?"

"गेली," काकासाहेब म्हणाले.

"ब्येस झालं. किती सालात यील?"

"पाच सालं लागतेत. दातांची डाक्टर होणार हाय, झुंबरबाई. दातांची."

झुंबरबाईला वाईट बोलायचं नव्हतं. तिने नातीला पुढे ओढलं आणि तिचं तोंड उघडून दाखवलं. पुढचे दुधाचे दात पडले होते. "मंग हिला दाखविते. हिचं बगा, समोरचे गेले. ताईला इचारा, यील का न्हाई?"

"येतेत," काकासाहेब म्हणाले. "ते आपोआप येतेत. त्याला डाक्टर लागत न्हाई."

नात फटीतून हसली. पायरीवरची पोर डोळे मिटून बसली होती. काकासाहेबांनी पिन सोडली नाही. ते माझ्या समोर नव्हते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. बेबीनंदाला दिसला असावा, कारण ती आत निघून गेली.

त्या गेल्यावर मला पुन्हा वर ठेवण्यात आलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. कोणी म्हणतं मला तेल घाला, कोणी म्हणतं धूळ झटका. माझ्या मानेला आता तेलाचा उपयोग नाही. माझं मागणं इतकंच आहे. जे हवं आहे ते सगळ्यात वर लिहा. आणि जिला ते आयुष्य जगायचं आहे तिच्या हाताने लिहू द्या, मोबाईल तुमच्या नावाचा असला तरी. हे साधनाच्या काही कामाचं राहिलं नाही. तिच्या फेऱ्या संपल्या. तुमच्या कामाचं असेल तर घ्या. वारा काय, ज्याच्या तोंडावर येईल त्याचा.